वाचकांचे प्रश्न (ऑगस्ट २०२५) : नेब्रास्काचा पहिला क्रमांक कोणाच्या बळावर?

प्रश्न : आम्ही ओमाहात राहतो. ऑगस्ट उजाडला की येथे शेजारीपाजारी, कार्यालयात, मुलीच्या शाळेत, सगळीकडे नेब्रास्का विद्यापीठाच्या महिला व्हॉलीबॉल संघाचाच विषय असतो. यंदा २०२५च्या हंगामापूर्वीच्या क्रमवारीत हा संघ पहिला आहे, नव्याने घेतलेल्या मुलींचेही फार कौतुक ऐकू येते. मात्र प्रशिक्षक बदलले आहेत. या पहिल्या क्रमांकावर कितपत विसंबावे?
— एक वाचक, ओमाहा

उत्तर : ही क्रमवारी प्रशिक्षकांच्या मतदानातून ठरते, आणि मत देताना त्यांच्यासमोर गेल्या वर्षीचे निकाल व यंदा परत येणाऱ्या खेळाडूंची नावे यांपलीकडे फारसे काही नसते. गेल्या वर्षी याच सुमारास टेक्सास पहिल्या क्रमांकावर होता आणि डिसेंबरमध्ये तो अंतिम चार संघांतही नव्हता. तेव्हा या क्रमांकाला भाकीत समजू नये. तरीही नेब्रास्काला तो रास्तपणे मिळाला आहे, असे माझे मत आहे. फक्त त्याचे श्रेय नव्या मुलींना देणे घाईचे होईल. ते श्रेय २०२३ साली आलेल्या तुकडीचे आहे. स्मॅशसाठी चेंडू उंचावून देणारी सेटर बर्गन रायली, डाव्या बाजूने स्मॅश मारणारी हार्पर मरे, मधल्या फळीतील अँडी जॅक्सन आणि मागे चपळाईने चेंडू उचलणारी लेनी चोबॉय या चौघी आता तिसऱ्या वर्षाला आहेत, आणि त्यांच्या जोडीला शेवटच्या वर्षातील रिबेका ॲलिक व टेलर लँडफेअर आहेत. सेटर आणि मधली खेळाडू दोन हंगाम एकत्र खेळल्या की त्यांच्या द्रुत चढाईला जी वेळ साधते, ती कोणत्याही नव्या भरतीतून विकत घेता येत नाही.

मात्र दोन जागा रिकाम्या झाल्या आहेत आणि या संघाचा हंगाम बहुधा त्यांच्यावरच ठरेल. पहिली लिबेरोची, म्हणजे फक्त मागच्या फळीत खेळून चेंडू उचलणाऱ्या बचावपटूची. लेक्सी रॉड्रिग्ज चार वर्षे मागची फळी सांभाळत होती. तिच्या जाण्याने केवळ बचाव ढिला होईल, असे मानणे चुकीचे आहे. जॅक्सनची चढाई मधून, नेटच्या अगदी जवळून आणि अतिशय वेगाने होते. त्यासाठी सर्व्हिसवरचा पहिला पास नेटजवळ, सेटरच्या हातात अलगद जावा लागतो. तो हातभर जरी मागे पडला, तरी रायलीला मधला पर्याय सोडून चेंडू कडेला उंच द्यावा लागतो, समोरच्या दोन ब्लॉकर आरामात सरकत तेथे जाऊन उभ्या राहतात आणि देशातील उत्कृष्ट मधली खेळाडू नुसती उडी मारून खाली येते. लिबेरो कधी स्मॅश मारत नाही, तरी आपल्या स्मॅशरना गुण मिळणार की नाही, हे ती ठरवते. नेब्रास्काला या जागेची मोठी परंपरा आहे: टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघाची लिबेरो जस्टिन वाँग-ओरांटेस ही याच विद्यापीठाची. आता चोबॉय की ओलिव्हिया मॉक, एवढाच प्रश्न आहे. माझा कल चोबॉयकडे आहे.

दुसरी जागा ऑपोझिटची, म्हणजे उजव्या कडेची. मेरिट बीसन गेल्यावर तेथे अनुभवी म्हणावे असे कोणी उरले नाही. खऱ्या अर्थाने नव्या मुलींची गरज असलेली हीच जागा, आणि तिच्यासाठी इटलीची उंचपुरी विर्जिनिया आद्रियानो व बेलर विद्यापीठातून बदली घेऊन आलेली एक खेळाडू यांच्यात चुरस आहे. या जागी स्मॅशइतकेच ब्लॉकलाही महत्त्व असते, कारण प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या कडेवरून, जिकडे सर्वाधिक चेंडू जातात, होणारी चढाई नेमकी हिच्यासमोर येते. ॲरिझोनाची टेराया सिग्लर ही नव्या तुकडीतील सर्वांत गाजलेली मुलगी. पण ती डाव्या कडेची आहे आणि तेथे मरे व लँडफेअर आधीच ठाण मांडून आहेत. सेटर कॅम्पबेल फ्लिनचीही तीच गत, कारण तिच्यापुढे रायली आहे. नव्या मुलीची गुणवत्ता किती, यापेक्षा तिच्या जागेवर आधीची कोण आहे, हे पाहिले की अर्धे उत्तर मिळते.

राहिला प्रश्न प्रशिक्षकांचा. जॉन कुक यांनी पंचवीस हंगामांनंतर गेल्या जानेवारीत निवृत्ती घेतली. त्यांची राष्ट्रीय विजेतेपदे चार: २०००, २००६, २०१५ आणि २०१७. त्यानंतर २०१८, २०२१ आणि २०२३ असे तीन अंतिम सामने संघाने गमावले. गेल्या वर्षी तर उपांत्य सामन्यात पेन स्टेटविरुद्ध पहिले दोन सेट खिशात होते, चौथ्या सेटमध्ये सामना संपवण्याची संधीही आली. पण तो सेट २८-२६ आणि पाचवा १५-१३ असा हातचा गेला. पुढे पेन स्टेटने अंतिम सामन्यात लुईव्हिलला हरवले, आणि त्या हरलेल्या संघाच्या प्रशिक्षक होत्या डॅनी बुसबूम केली. त्याच आता नेब्रास्कात आल्या आहेत, किंबहुना परतल्या आहेत: त्या याच राज्यातील, २००६च्या विजेत्या संघातील लिबेरो, त्याआधी सेटर आणि पुढे २०१५च्या विजयाच्या वेळी कुक यांच्या सहायक. सेटर आणि लिबेरो या दोन्ही जागा स्वतः खेळलेली व्यक्ती यंदा नेमकी हवी होती. प्रशिक्षक बदलताच खेळाडूंनी बदलीची वाट धरण्याच्या आजच्या काळात संघाचा कणा जागच्या जागी राहिला, हे त्यांचे पहिले यश होय. मधल्या फळीतील एडन एम्स मात्र टेक्सासला गेली, आणि ॲलिक किंवा जॅक्सन जायबंदी झाल्यास तिची उणीव जाणवेल.

प्रश्न : मी कोल्हापूरची, विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय स्पर्धा खेळले आहे. आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन सामने आणि निवड चाचणी यांतून काही आठवड्यांत उभा राहत असे. अमेरिकेत मुलींना प्रवेशाच्या दोन-दोन वर्षे आधी हेरतात म्हणजे नेमके काय करतात? माझी भाची शिकागोजवळ शाळेत नववीला आहे आणि क्लबकडून खेळते, म्हणून विचारते.
— एक माजी खेळाडू, कोल्हापूर

उत्तर : आपल्याकडे मुलगी आधी महाविद्यालयात प्रवेश घेते आणि मग संघात येते, तिकडे वरच्या श्रेणीत हा क्रम उलटा आहे. प्रशिक्षक शाळेपेक्षाही क्लबच्या स्पर्धांत मुलींना पाहतात, कारण एकाच सभागृहात शेजारी शेजारी मैदानांवर शेकडो मुली खेळताना दिसतात. नियमानुसार दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपासून प्रशिक्षक मुलीशी थेट बोलू शकतात आणि त्यानंतर १ ऑगस्टपासून विद्यापीठाच्या खर्चाने तिला भेटीसाठी बोलावता येते. आपल्याकडे दहावीनंतर शाखा निवडण्याची धांदल असते, त्याच वयात त्या मुली विद्यापीठ निवडत असतात. काही मुली शाळा डिसेंबरमध्येच संपवून जानेवारीत विद्यापीठात दाखल होतात आणि वसंतातील सरावाला लागतात. ऑगस्टमध्ये संघ जाहीर होतो तेव्हा त्या कागदोपत्रीच नवख्या असतात.

यंदा नियमांत मोठा बदल झाला आहे. पूर्वी व्हॉलीबॉलला बारा पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. खेळाडू आणि महाविद्यालयीन क्रीडासंघटना यांच्यातील दाव्यात न्यायालयाने जूनमध्ये मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी १ जुलैपासून ही मर्यादा गेली आणि संघात कमाल अठरा खेळाडू असा नियम आला. नेब्रास्कासारख्या संपन्न विद्यापीठाला सर्व अठराजणींना शिष्यवृत्ती देता येईल, आणि फटका बसेल तो स्वखर्चाने संघात राहणाऱ्या एकोणिसाव्या-विसाव्या मुलीला. आपल्या भाचीने त्यामुळे मोठ्या नावांबरोबर मधल्या फळीतील विद्यापीठांकडेही लक्ष ठेवावे, आणि विद्यापीठाच्या यादीत आपल्या जागेवर कोणत्या वर्षाच्या किती मुली आहेत, हे पाहूनच पत्रव्यवहार करावा. ती तेथे विद्यार्थी व्हिसावर शिकणार असेल, तर शिष्यवृत्ती चालते. जाहिरातींतून कमाई करण्यावर मात्र कडक बंधने येतात. याबाबत विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा सल्ला आधी घ्यावा.

प्रश्न : सगळे सामने पाहणे शक्य नाही. संघाचा अंदाज यावा, असे कोणते पाहावेत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पहिले तीन पुरेत. नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन शहरातच २२ ऑगस्टला पिट्सबर्ग, २४ ऑगस्टला स्टॅनफर्ड आणि मग ३१ ऑगस्टला नॅशव्हिलमध्ये केंटकी. लिंकनची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची दुसऱ्या दिवसाची पहाट, एवढे लक्षात ठेवावे. पिट्सबर्गची ऑलिव्हिया बॅबकॉक ही गेल्या वर्षीची सर्वोत्तम खेळाडू उजव्या कडेवरून मारते, म्हणजे तिच्यासमोर नेब्रास्काची डावी कड येते. त्या सामन्यात मरे आणि लँडफेअर यांचा ब्लॉक पाहावा, आणि नव्या ऑपोझिटविषयीचे मत केंटकीच्या सामन्यापर्यंत राखून ठेवावे.