कपाटाचं कुलूप आधी काढा

पत्र थोडक्यात : मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचं पॅटर्न शॉप सांभाळतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, वय 17. आठव्या वर्षापासून वेस्टर्न व्हायोलिन शिकते, महिन्यातून दोनदा त्यासाठी कोल्हापूरहून पुण्याला जाते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेची सातवी ग्रेड झाली आहे. आता म्हणते, परदेशात ऑपेरा कंपनीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं. सोलो आर्टिस्ट व्हायचं म्हणाली असती तर एक वेळ समजलो असतो. पण ही गाणाऱ्यांच्या साथीला बसणार, तीही स्टेजपुढच्या खड्ड्यात! क्लासच्या टेस्टमध्ये मार्क घसरले म्हणून जूनपासून व्हायोलिन कपाटात कुलपात ठेवलंय. सीईटी झाली की देईन. इंजिनीअरिंगची अशी कोणती ब्रँच आहे, जिच्यात हा नाद सांभाळून चार वर्षं निघतील?

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात मार्कांचे चार आकडे आहेत. त्यातला एकही काळजी करण्यासारखा नाही. काळजी वाटली ती कुलपाच्या वाक्याची, आणि तुम्ही ते किती सहज लिहिलंय त्याची.

जून ते एप्रिल म्हणजे दहा महिने. डाव्या हाताची बोटं व्हायोलिनवर जागा शोधतात ती अंदाजाने, तिथे गिटारसारखे पडदे नसतात. बोट एका केसाने सरकलं तर सूर बेसूर. तुमच्या भाषेत सांगायचं तर टॉलरन्स फार कमी, आणि गेज रोजच्या रोज तपासावा लागतो. महिनाभर बंद ठेवलं तर पंधरा दिवसांत भरून निघतं. दहा महिन्यांनी आधी गजाचा हात जातो. सूर थरथरतो, लांब गज मध्येच तुटल्यासारखा वाटतो, आणि मुलगी स्वतःच म्हणते, "जाऊ दे, माझ्याच्याने होत नाही." तेव्हा तुम्हाला वाटेल, नाद आपोआप सुटला. तो सुटलेला नसेल, तुम्ही सोडवलेला असेल. सतराव्या वर्षी हे दहा महिने परत मिळत नाहीत, सीईटी मात्र पुन्हा देता येते. आणि कुलूप लावल्यावर फिजिक्स किती वाढलं, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. रोज ठरलेल्या वेळी दीड तास वाजवू द्या, अभ्यासाचं बाकीचं वेळापत्रक तीच बसवेल.

आता तो "साथीला, खड्ड्यात". कोल्हापूरच्या माणसाने हे लिहावं? गोविंदराव टेंबे पेटीवर बसायचे म्हणून कोणी त्यांना कमी लेखलं नाही. संगीत नाटकात नट तान घेऊन समेवर केव्हा येणार हे ऑर्गनवाल्याला त्याच्या श्वासावरून कळायचं. ऑपेरात हेच काम साठ ते शंभर माणसांना एकत्र करावं लागतं. गायिका वरच्या सुरावर ठरल्यापेक्षा जास्त थांबली, की सगळ्यांनी थांबायचं, आणि ती सुटली की त्याच क्षणी पुढचा स्वर. वादकासमोर फक्त त्याच्या वाद्याच्या ओळी असतात, गाणं नसतं. त्यामुळे गायकाचे दोन-चार शब्द खुणेसाठी तिथे छापलेले किंवा पेन्सिलीने लिहिलेले असतात. स्टेजच्या पुढे आलेल्या कडेखाली बसलेल्या ट्रॉम्बोनवाल्यांना (ट्रॉम्बोन म्हणजे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) गायक धड ऐकूही येत नाही. कानावर विसंबून वाजवलं तर ते मागे पडतील, म्हणून नजर वाद्यवृंद चालवणाऱ्या संचालकाच्या काठीवर. मोत्सार्टच्या 'डॉन जिओव्हान्नी'त हे ट्रॉम्बोनवाले बहुतेक रात्रभर गप्प असतात आणि स्मशानातला पुतळा बोलू लागला की पहिल्यांदा वाजतात. अडीच तास थंड पडलेल्या ओठांनी पहिलाच सूर नेमका लावायचा असतो. सोलोवाल्याला हे करावं लागत नाही.

प्रतिष्ठेचं म्हणाल, तर व्हिएन्ना फिलहार्मोनिक हे नाव तुम्हीही ऐकलं असेल. तिथला प्रत्येक सभासद व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेराच्या त्याच खड्ड्यातून येतो. तिथे किमान तीन वर्षं वाजवल्याशिवाय सभासदत्वासाठी अर्जच करता येत नाही. हे ऑपेरा हाउस वर्षाला तीनशेच्या आसपास रात्री खेळ करतं. आज एक ऑपेरा, उद्या दुसरा, आणि जुन्या खेळांना पुष्कळदा तालीमही मिळत नाही. (1997 पर्यंत हे सभासदत्व बाईला मिळत नव्हतं, हे मुलीला सांगून ठेवा. आता मिळतं.)

कामाचा दिवस साधारण असा असतो : सकाळी दहा ते एक तालीम, संध्याकाळी सातला खेळ. गायक आणि वाद्यवृंद पहिल्यांदा एकत्र येतात ती तालीम अभिनयाशिवाय, नुसती बसून होते, त्यानंतर स्टेजवरच्या. प्रत्येक सुरावर गज वर की खाली हे मुख्य व्हायोलिनवादक ठरवतो, आणि ग्रंथपाल त्या खुणा सगळ्या प्रतींवर उतरवतो. एका प्रतीत खूण राहिली, तर तेरा गज खाली जात असताना एक वर जातो, आणि ते बाल्कनीतूनही दिसतं. वाग्नर या जर्मन संगीतकाराची मोठी ऑपेरा मध्यंतरं सोडून साडेचार तास वाजते, त्यामुळे मान आणि खांदे भरून येतात. कानांचं तर फारच सांभाळावं लागतं. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधल्या एका व्हायोलावादकाचे (व्हायोला म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड) कान 2012 साली वाग्नरच्या तालमीत मागच्या ब्रासमुळे, म्हणजे पितळी वाद्यांमुळे, कायमचे बिघडले, आणि 2018 मध्ये न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. गोडगुलाबी नोकरी नाही ही.

मुलीलाही थोडं कडू सांगायला हवं. भारतात ऑपेरा कंपनीचा कायमचा पगारी वाद्यवृंद नाही. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस 2016 मध्ये पुन्हा उघडलं, पण ते थिएटर आहे, तिथे असा वाद्यवृंद नाही. मुंबईच्याच एनसीपीए या कलाकेंद्राची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून आहे, पण ती मैफिलींची, आणि तिच्यातही कझाकस्तानचे वादक बरेच. त्यामुळे या नोकरीचा रस्ता जर्मनी, ऑस्ट्रिया असाच जातो. आणि आठवी ग्रेड म्हणजे पात्रता, हा गैरसमज असेल तर आजच सोडा. ती दरवाजाची पायरी आहे. तिकडच्या सरकारी संगीत विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बहुधा बाखच्या एकट्या व्हायोलिनच्या रचना, एक अवघड एट्यूड (सरावाची रचना) आणि एका कन्चेर्टोचा (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचनेचा) भाग मागतात, शिवाय स्वरज्ञान आणि थोडा पियानो. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क जवळजवळ नाही, पण तिथल्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाला सुमारे 12 हजार युरो खात्यात दाखवावे लागतात, आणि जर्मन भाषा लागते. ते आत्ताच सुरू करा.

नोकरीची परीक्षा त्याहून निर्दय. उमेदवार पहिल्या फेरीत बहुधा पडद्यामागे उभा असतो, कोण वाजवतंय ते दिसू नये म्हणून. मोत्सार्टच्या कन्चेर्टोची पहिली दोन-तीन मिनिटं, आणि बरेचसे तिथूनच घरी. उरलेल्यांना ऑपेरांमधले कठीण तुकडे वाजवायला सांगतात. जागा मिळाली तरी साधारण वर्षभर उमेदवारी, मग सहकाऱ्यांचं मतदान. व्हायोलिनच्या एका जागेसाठी ढीगभर अर्ज येतात. व्हायोलाला तुलनेने कमी. बोटं लांब असतील तर वर्षभरात व्हायोलाकडे वळण्याचा विचार तिने करावा. क्लेफ (स्वर कोणत्या ओळीवर वाचायचे ते सांगणारी खूण) वेगळा, वाद्य मोठं, पण हात तोच.

तेव्हा ब्रँच मी सांगत नाही. अर्धा जीव तिकडे ठेवून केलेलं इंजिनीअरिंग आणि चार वर्षं मागे पडलेलं व्हायोलिन, या सौद्यात दोन्हीकडे नुकसानच आहे. त्याऐवजी हे करा. बारावीची परीक्षा झाली की तिने मोत्सार्टच्या तिसऱ्या कन्चेर्टोचा पहिला भाग, क्रॉयत्झरचा एक एट्यूड आणि बाखचा एक भाग एका टेकमध्ये, न कापता रेकॉर्ड करावा. तो तिच्या गुरूंना नको, तिला न ओळखणाऱ्या दोन व्यावसायिक वादकांना पाठवा. मानधन द्या आणि एकच विचारा : प्रवेशपरीक्षेला उभी राहील का, आणि किती महिन्यांत? दोघं नाही म्हणाले तर ती ऐकेल, कारण ते तिच्या कामाबद्दल बोललेले असतील. होय म्हणाले तर तुम्ही ऐका. सीईटी तिने द्यावीच, फॉर्म भरून ठेवायला हरकत नाही.

कुलूप काढाल तेव्हा एक लक्षात ठेवा. कोल्हापूरचा सगळा पावसाळा ते बंद कपाटात होतं. दमटपणाने सरस सुटून कडेची सांध उघडते, खुंट्या फुगून अडकतात, अंधारात बारीक किडे गजाचे केस कुरतडतात. गज ताणलेलाच ठेवला असेल तर काठीचा बाक गेलेला असू शकतो. तारा सैल पडल्या असतील तर तुम्ही खुंट्या पिळू नका, आणि चारही तारा एकदम मुळीच उतरवू नका. घोडी पडते, आणि तिच्यामागून आतला टेकूही. व्हायोलिनची पेटी तशीच मुलीच्या हातात द्या.