पुसू नका ते फोटो

प्रश्न : माझी नात सात वर्षांची आहे. सुट्टीत दिवसभर माझा मोबाइल घेऊन फोटो काढत असते. परवा मुलाने मोजले तर 212 निघाले. चपला, मांजरीची शेपटी, माझे पाय, मागावरचं सूत आणि वीसेक वेळा एकच दार! मुलगा म्हणतो, पुसून टाक, मेमरी भरते. मला वाटतं, पोरीला आवड आहे. तिला कॅमेरा घ्यावा का? क्लास लावावा का? आमचा चार मागांचा कारखाना आहे. फोटोतलं घरात कुणालाच काही कळत नाही.
– एक आजी, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ताई, आधी ते 212 फोटो मुलाच्या हातून वाचवा. मेमरी भरत असेल तर दुसरीकडे उतरवून ठेवा, पण नातीला न विचारता एकही पुसू नका. इतकं निक्षून सांगतोय त्याला कारण आहे.

माझा स्टुडिओ होता तेव्हा मे महिन्यात गल्लीतल्या पोरांना मी कॅमेरा हाताळायला द्यायचो. एका मुलाने आईचा फोटो काढला, तो गळ्यापासून खाली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चुकला रे, मुंडकंच कापलंस की." तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. पुढे कधीतरी तो फोटो पुन्हा हाती लागला तेव्हा मी नीट पाहिला. आई बिड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोटांत अर्धं वळलेलं पान, बाजूला दोऱ्याची रिळं. फोटो हातांचाच होता. "काय दिसलं रे तुला इथं?" एवढं विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मी विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून लहान मुलाच्या फोटोला मी चूक हा शब्द लावत नाही.

तुम्ही नातीला तेवढंच विचारा. सात वर्षांच्या मुलीचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. चपला, शेपटी, तुमचे पाय तिच्या नजरेच्या टप्प्यात येतात, म्हणून फोटोत येतात. आणि त्या दाराचे वीस फोटो कोणत्या वेळेचे आहेत ते पाहा, मोबाइलमध्ये नोंद असते. सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा वेगवेगळ्या वेळा निघाल्या तर पोर दारावरून ऊन कसं सरकतं ते पाहतेय असं समजा. हे मला कळायला स्टुडिओत बरीच वर्षं गेली.

घरात कुणाला काही कळत नाही, हे मात्र मी मानणार नाही. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढतात ना? मग जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, पुठ्ठ्याला जिथे भोक असतं तिथला धागा उचलला जातो, नसतं तिथला खाली राहतो. जवळून पाहिलं तर नुसते धागे, चार पावलं मागे गेलं की मोर. मोबाइलमधला फोटोही असाच ठिपक्याठिपक्यांनी विणलेला असतो. नातीला एखादा फोटो बोटांनी मोठा करत न्यायला सांगा, शेवटी चौकटी दिसू लागतील. मग तिला जॅकार्डच्या मागाजवळ घेऊन जा. हे तुमच्याइतकं चांगलं तिला कुठला क्लास शिकवणार?

कॅमेरा आत्ता नको. 1900 साली कोडॅकने मुलांसाठी म्हणून ब्राउनी नावाचा एक डॉलरचा कॅमेरा काढला होता. पुठ्ठ्याचा डबा, साधी काच आणि एक खटका, बस्स. तुमच्या मोबाइलमध्ये त्याहून किती तरी जास्त आहे. फक्त त्याच्या कॅमेऱ्यावरची काच रोज जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने पुसा, बोटाचं तेल लागलं की फोटो धुरकट येतात. एरवी ती हवे तेवढे फोटो काढू दे, पण रविवारी एक 'रोल' द्या. आमच्या फिल्मच्या रोलमध्ये 36 फोटो असायचे, तिला 12 पुरेत. बारा झाले की मोबाइल परत. संध्याकाळी त्यातले तीन तिने निवडायचे, तुम्ही नाही. महिन्यातून एकदा त्यांतले चार-पाच छापून आणा आणि भिंतीवर तिच्या उंचीला लावा.

सुट्टी आहे तोवर एक गंमत करा. उन्हाळ्यातल्या दुपारी रस्त्याकडच्या खोलीची खिडकी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण बंद करा, फटीसुद्धा बुजवा. पुठ्ठ्याला करंगळी जाईल एवढं भोक पाडा आणि समोर पांढरी चादर टांगा. पाच-दहा मिनिटं अंधारात बसा. डोळे सरावले की चादरीवर तुमचीच गल्ली दिसेल, रंगीत आणि उलटी. रिक्षा डोक्यावर चालेल. उजेड सरळ रेषेत येतो, म्हणून वरचं खाली उतरतं आणि खालचं वर जातं. कॅमेरा म्हणजे हीच खोली, लहान केलेली. त्यासाठी असं कडक ऊन लागतं आणि ते आपल्या सोलापुराइतकं कुणाकडे आहे?

16 फेब्रुवारी 1980 ला सूर्यग्रहण होतं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आम्हाला दारं लावून घरात बसवलं होतं. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती आणि त्यांतून एरवी जमिनीवर गोल कवडसे पडायचे, त्या खोलीसारखीच सूर्याची चित्रं. त्या दुपारी प्रत्येक गोलाची कोर झाली. तुकडा मोडलेल्या भाकरीसारख्या पंधरा-वीस कोरी! मी त्या तळहातावर झेलत बसलो होतो. मला फोटोचं वेड तिथे लागलं.

पुढे संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नेलंत तर नंदीध्वजांच्या मिरवणुकीत तिला खांद्यावर घ्यायला कुणाला तरी सांगा. तिथे अंगात घातलेल्या पांढऱ्या बाराबंदी इतक्या असतात की मोबाइलला वाटतं उजेड फार झाला, आणि तो चेहरे काळे करून टाकतो. चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची खूण वर सरकवायची. एवढंच तंत्र यंदा पुरे.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून शिकवा. कारखान्यातल्या बायका असोत की शेजारचं बाळ, "काढू का?" असं विचारल्याशिवाय फोटो नाही. आणि तिचे फोटो इकडे तिकडे पाठवण्याआधी तुम्हीही तिला विचारा.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे. नान्नजच्या अभयारण्यात हरणं पाहिल्यापासून मोठ्या लेन्सचा कॅमेरा मागतोय. घ्यावा का?
– एक वडील, जुळे सोलापूर

उत्तर : आधी दुर्बीण घ्या. माळढोक पक्षी तिथे आता क्वचितच दिसतो, पण काळविटांचे कळप आहेत आणि त्यांच्यामागे धावलं की ते उधळतात. वर्षभर त्याच्याबरोबर पहाटे जा, ठरवून दिलेल्या वाटेवरच एका जागी बसा आणि पाहिलेलं त्याला वहीत लिहू द्या किंवा काढू द्या. थंडीत हिप्परग्याच्या तलावावरही पक्षी येतात, तिथेही न्या. वर्षानंतरही मागत असेल तर वापरलेला कॅमेरा पाहा, पण घेण्याआधी तो त्याच्या गळ्यात अडकवून तासभर चालायला लावा. वजन पेललं तर घ्या.