पॅकेट पोचतं, पण ओ येत नाही

प्रश्न : टायनीओएस या सेन्सर नोडच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा टॉसिम नावाचा सिम्युलेटर आहे, त्यात पायथन स्क्रिप्ट लिहून चार सेन्सर नोड चालवतोय. नोड 1 चं पॅकेट नोड 2 ला मिळतं, स्क्रीनवर छापूनही येतं, पण 1 ला अ‍ॅकनॉलेजमेंट (मिळाल्याची पोच) काही येत नाही, मग तो तेच पॅकेट परत परत पाठवत बसतो. बूटच्या, म्हणजे नोड सुरू व्हायच्या, वेळा 100001, 800008, 1800009 अशा चांगल्या लांब लांब दिल्यात तरी बाकीच्या नोडची पॅकेटं एकमेकांवर आदळतात. नोडचा कोड दहा वेळा तपासला.

उत्तर : नोडचा कोड सोडा हो, स्क्रिप्टमधल्या रेडिओच्या ओळी बघा. तिथे अ‍ॅड(1, 2, -54) अशी एकच ओळ असणार, पैज लावतो. टॉसिममध्ये लिंक एकेरी असते, म्हणजे या ओळीने एवढंच सांगितलं की 1 बोलला की 2 ला किती जोरात ऐकू येतं (-54 हा तोच जोर), उलटं काय ते तुम्ही सांगितलंच नाही, त्यामुळे सिम्युलेटरच्या लेखी तो रस्ताच नाही आणि अ‍ॅकनॉलेजमेंट तर त्याच रस्त्याने यायची असते. अ‍ॅड(2, 1, -55) टाका, येईल. आकडे मुद्दाम वेगळे दिलेत, खऱ्या रेडिओतही दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या क्वचितच मिळतात, तेव्हा ही एकेरी भानगड वैताग वाटली तरी कामाची आहे.

आता बूट. आकडा मोठा दिसतो म्हणून फसलात, मीही फसलो होतो. बूटची वेळ टिकमध्ये, म्हणजे टॉसिमच्या घड्याळाच्या ठोक्यांत, द्यायची असते आणि टॉसिमचा एक सेकंद म्हणजे 1000 कोटी टिक, म्हणजे तुमचे 18 लाख टिक जेमतेम 0.18 मिलिसेकंद झाले. 250 केबीपीएसच्या रेडिओवर 40 बाइटचं पॅकेट हवेतच 1.28 मिलिसेकंद असतं, मग सगळ्यांचे टायमर एकदमच वाजणार ना! पाठवण्याआधी चॅनल ऐकायची सोय आहे, पण ज्या दोघांमध्ये लिंकच दिली नाही त्यांना एकमेकांचं ऐकू येणार कसं? बूटसाठी 0 ते 1000 कोटीमधला रँडम आकडा घ्या आणि सीड (रँडम आकडे ज्यापासून निघतात तो सुरुवातीचा आकडा) फिक्स ठेवा, नाहीतर आज दिसलेला बग उद्या गायब.

प्रश्न : 200 नोड केले की कॉम्प्युटर आचके देतो, रॅम कमी पडते का?

उत्तर : मेयर-हेवी नॉइज फाइल (रेडिओतल्या गोंगाटाच्या खऱ्या नोंदी) अख्खी वाचताय का? त्यात नोडमागे साधारण 10 एमबी जातात, 200 नोडना 2 जीबी. चाचणीपुरत्या सुरुवातीच्या हजारएक ओळी घ्या, निदान 100 रीडिंग मात्र लागतातच, त्याखाली नॉइज मॉडेल बनत नाही.

प्रश्न : फ्लॅग (खूण म्हणून ठेवलेला व्हेरिएबल) बदलेपर्यंत व्हाइल लूपमध्ये थांबणारा कोड खऱ्या बोर्डवर चालतो, सिम्युलेशन मात्र तिथेच अडकतं, असं का?

उत्तर : कारण टॉसिममध्ये कोड चालायला वेळच लागत नाही, एक इव्हेंट पूर्ण संपल्याशिवाय घड्याळ पुढे सरकत नाही आणि मधे इंटरप्टही (चालू काम थांबवणारा हार्डवेअरचा इशारा) घुसत नाही. मग फ्लॅग बदलणार कोण? लूप काढा, फ्लॅग जिथे बदलतो त्या इव्हेंटमधूनच पुढचं काम पोस्ट करा, बोर्डवरही ते चालेलच.