आदिवासी पाड्यावरच्या वीस मुलांना कॉम्प्युटर शिकवायला किती लॅपटॉप लागतील, की टॅब घ्यावेत?

दोघांत एक धरून दहा लॅपटॉप पुरतील. टॅब घेऊ नका, टॅबवर पोरं व्हिडिओ बघत बसतात. पण आधी हे सांगा, कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार?

चोपड्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेने बोलावलं, दहाच्या दहा कॉम्प्युटर बिघडले म्हणून. गेलो तर सगळे शिवून घेतलेल्या कव्हरात. कीबोर्डच्या फटींत दसऱ्याच्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, कॅबिनेटला हळदकुंकू. चालू केले तर प्रत्येकावर तारीख 2009 सालची. मदरबोर्डवरचा गोल सेल, 2032 नंबरचा, सगळ्यांचा संपलेला. मशीनला लाइट असली की तो सेल फारसा खर्च होत नाही. प्लग काढून ठेवला की घड्याळ त्याच्याच जिवावर चालतं. दोन मशीनच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या.

हेडमास्तर म्हणाले, "पोऱ्हेसले हातबी लावू दिधा नही, तरीबी बिघडनं!"

म्हटलं, सर, म्हणूनच बिघडले. त्यांना ते लागलं.

वायरी खाल्लेले दोन मी पोरांसाठी मागून घेतले आणि शनिवारी दुपारी जायला लागलो. काढलेल्या सेलवर लाल एलईडी धरायचा, लांब पाय अधिकच्या बाजूला. दहापैकी दोन मिणमिणले, तेवढ्यात वर्गात हा गोंधळ! पाचवीतल्या एका पावरा आदिवासी मुलीला कीबोर्ड पुसायला दिला. तिने बटणं उपटून धुतली आणि परत बसवली, भिंतीवरच्या तक्त्यासारखी ए बी सी डी ओळीने. मी ओरडलोच. ती म्हणाली, आधी चुकीची लावली होती ना? मग तोच कीबोर्ड चालू मशीनला जोडून दिला. ए दाबला की क्यू उमटतो. पाच-सहा वेळा दाबून बघितलं आणि म्हणाली, म्हणजे अक्षर बटणावर नाहीच, आत आहे. हे मला आयटीआयच्या दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

हेडमास्तर दारातून बघत होते. "बिघडनं ते कोन भरी?" मी भरीन म्हटलं.

तर तुमच्यासाठी: दहा नवे घेण्यापेक्षा सहा जुने घ्या आणि दोन मेलेले, खोलायला. स्क्रॅच, म्हणजे पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं सॉफ्टवेअर, चार जीबी रॅममध्ये आरामात चालतं, ते ऑफलाइन टाकून न्या, म्हणजे नेटची वाट बघायला नको. लाइट जाणारच, म्हणून डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर हवा. जूनमध्येच सुरू करा, दिवाळीनंतर बरीच पोरं आईबापाबरोबर मजुरीला बाहेर जातात. उद्घाटनाला पाहुणा बोलावू नका, त्याच्या फोटोसाठीच पहिलं कव्हर शिवलं जातं.

एक राहिलं. प्लग काढल्याशिवाय काहीच खोलू देऊ नका, आणि एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा, डबा तर प्लग काढूनही नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज साठून राहतो, झटका बसतो. माझा अनुभव एका पाड्याचा आहे, नंदुरबारमधल्या धडगावकडे वेगळं असू शकेल. आणि सगळेच हेडमास्तर तसे नसतात, असं माझी बायको म्हणते. ती शिक्षिका आहे.

कीबोर्डचे पैसे मी भरले नाहीत, कारण तो बिघडलाच नव्हता. त्या दहा सेलचं बिल मात्र अजून मंजूर व्हायचंय.