विचारा बिनधास्त : जाताना पाच तास, येताना साडेचोवीस?

प्रश्न : जानेवारीत आम्ही दोघं पहिल्यांदाच लेकीकडे न्यू जर्सीला चाललोय. तिकिटावर मुंबईहून रात्री १.३० ला निघून नेवार्कला त्याच दिवशी सकाळी ६.३० ला पोचतो असं आहे आणि येताना दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० ला मुंबई. आमचे हे म्हणतात जायचा रस्ता जवळचा असणार. खरं अंतर किती, आणि बसायचं किती तास?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, रस्ता तोच हो, साधारण साडेबारा हजार किलोमीटर. गंमत सगळी घड्याळाची आहे, तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची छापतात आणि हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे असते. म्हणजे जाताना ५ मध्ये १०.३० मिळवा, झाले साडेपंधरा तास, येताना साडेचोवीसमधून तेवढेच वजा करा, राहिले चौदा. (मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे करतात, त्यानंतर परतणार असाल तर साडेनऊच धरा.)

आता उरला दीड तासाचा फरक, तो वाऱ्याचा. विमानं उडतात त्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, हिवाळ्यात त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो, येताना तो पाठीशी असतो आणि जाताना शक्यतो त्याला चुकवत जावं लागतं. आणि साडेबारा हजार म्हणजे पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून मोजलेलं अंतर बरं का, तो दोरा पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया करत आइसलँडपर्यंत वर चढतो, भिंतीवरच्या सपाट नकाशात ते पटतच नाही! विमान मात्र दोऱ्यावरून जाईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली तेव्हा त्यांना वळसाच घ्यावा लागला. त्यामुळे सीटसमोरच्या स्क्रीनवर आकडा जास्त दिसला तर घाबरू नका.

यात घर ते टी-टू (मुंबई विमानतळाचं टर्मिनल दोन) धरलेलंच नाही हं. दीडची फ्लाइट म्हणजे साडेदहाला एअरपोर्टवर, आणि जेव्हीएलआरचा (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या ट्रॅफिकचा) भरवसा कोणी द्यावा, नऊलाच घर सोडा. आणि तारीख नीट बघा, रात्री दीड म्हणजे आदल्या दिवशीच्या जेवणानंतर निघायचं, यात भलेभले फसतात.

प्रश्न : न्यूयॉर्कला दुबईमार्गे तिकीट स्वस्त आहे, पण खूप लांब पडेल ना?
— एक वाचक, दादर

उत्तर : अजिबात नाही. मुंबई-दुबई १,९०० च्या आसपास आणि दुबई-न्यूयॉर्क ११,०००, सगळं मिळून थेट रस्त्यापेक्षा चारेकशे किलोमीटरच जास्त. वेळ जातो तो दुबईत बसून. थांबा तीन-चार तासांचा असेल तर खुशाल घ्या, पायही मोकळे होतात, दोनच तासांचा असेल तर पहिली फ्लाइट लेट झाल्यावर धावपळ ठरलेली, आणि नऊ-दहा तासांचा असेल तर स्वस्त का आहे ते कळलंच.