कोर मोजावेत की कॅश?

महागड्या डेस्कटॉप प्रोसेसरबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. रायझन ही एएमडीची मालिका, कोअर ही इंटेलची. कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग, आणि कॅश म्हणजे प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी. किमती कंपन्यांनी विक्री सुरू करताना जाहीर केलेल्या, अमेरिकी डॉलरमधल्या आहेत. दुकानातला भाव खालीवर होतो, तुलनेला हाच आकडा बरा.

प्रश्न : रायझन ७ ९८००एक्स३डी आठ कोरचा असून ४७९ डॉलर. सोळा कोरचा रायझन ९ ९९५०एक्स ६४९ डॉलर. पहिल्यात ही सरळ लूट नाही का?

भागाकार केला तर तसंच दिसतं : एका कोरमागे ६० डॉलर विरुद्ध ४१. पण ९८००एक्स३डीचे जादा पैसे कोरचे नाहीतच, कॅशचे आहेत. त्याची तुलना आठ कोरच्याच ९७००एक्सशी करा. तो ३५९ डॉलरचा आणि त्यात एल३ (कोरांची सामाईक) कॅश ३२ एमबी. ९८००एक्स३डीत ती ९६ एमबी. म्हणजे जवळपास १२० डॉलर मोजले ते ६४ एमबीसाठी.

ती कॅश नेमकं काय करते? हवी ती माहिती कॅशमध्ये सापडली नाही तर कोरला रॅमकडे जावं लागतं आणि त्या फेरीला साधारण ७० ते ८० नॅनोसेकंद जातात. पाच गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पाच अब्ज ठोक्यांच्या, कोरचे तेवढ्यात साडेतीनशे-चारशे ठोके वाया. गेममध्ये विखुरलेली माहिती सतत लागते, म्हणून तिथे मोठी कॅश कामी येते. रेंडरिंगमध्ये (दृश्याचं अंतिम चित्र तयार करण्यात) तिचा उपयोग फारसा जाणवत नाही, तिथे कोरच हवेत.

तुमचा गेम प्रोसेसरवर अडतोय का, हे पैसे खर्च करण्याआधी पाहून घ्या. गेमचं रिझोल्यूशन ४केवरून १०८०पीवर आणा. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमचा आकडा चांगलाच वाढला तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा होता, नवा प्रोसेसर घेऊन ४केवर फार काही हाती लागणार नाही. आकडा जागचा हलला नाही तर प्रोसेसर अडतोय. (आधी फ्रेम लिमिट आणि व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सेटिंग, बंद करा, नाहीतर चाचणी फसवी ठरते.)

प्रश्न : आठ कोरवरून सोळावर गेलो तर व्हिडिओ एक्स्पोर्टचा वेळ निम्मा होईल?

निम्मा जवळजवळ कधीच होत नाही. जीन अॅम्डाल यांनी १९६७ साली मांडलेलं गणित आजही चालतं : कामाचा जेवढा भाग कोरांमध्ये वाटता येत नाही, तेवढा सगळा वेग अडवून धरतो. ९० टक्के काम वाटता येत असेल तर आठ कोरवर वेग ४.७ पट आणि सोळावर ६.४ पट. कोर दुप्पट झाले, वेग वाढला फक्त ३६ टक्के. ९९ टक्के काम वाटता येत असेल, जसं थ्रीडी रेंडरिंगमध्ये बहुधा असतं, तर हेच आकडे ७.५ आणि १३.९ होतात. तिथे सोळा कोरचे पैसे वसूल.

आपलं काम कशात बसतं ते पाहणं सोपं आहे. एक्स्पोर्ट चालू ठेवा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर असा पर्याय निवडा. सगळे चौकोन भरलेले दिसले तर जास्त कोर घ्या. दोन-तीनच भरले आणि बाकीचे रिकामे लोळत असतील तर कोर वाढवून काही होणार नाही.

व्हिडिओत आणखी एक मेख आहे. कॅमेऱ्याचं फुटेज १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगाची जास्त माहिती ठेवणारा, दाबून साठवलेला प्रकार) असेल तर टाइमलाइन अडखळण्याचं कारण कोर नसून डिकोडर (फुटेज उलगडणारा भाग) असतो. ५८९ डॉलरच्या कोअर अल्ट्रा ९ २८५केमधलं क्विक सिंक (इंटेलचा व्हिडिओसाठीचा भाग) हे फुटेज हार्डवेअरवर उलगडतं. रायझन ९००० मालिकेतलं अंगभूत ग्राफिक्स ते करत नाही. रायझनसोबत तसं डिकोडिंग येणारं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं, उदाहरणार्थ आरटीएक्स ५० मालिकेतलं. एवढ्या एका कारणासाठी २८५के निवडणारा माणूस चुकत नाही, गेमच्या तक्त्यात तो कितीही खाली असो.

प्रश्न : एकाच प्रोसेसरचे आकडे दोन ठिकाणी वेगळे का? विश्वास कोणावर ठेवायचा?

आकड्याआधी चाचणीची मांडणी वाचा. तीन गोष्टींत गोम असते. पहिली, विजेची मर्यादा : २८५केची कमाल मर्यादा २५० वॉट आहे, पण काही मदरबोर्ड मुळातच ती मोकळी सोडतात. दुसरी, रॅम : ५६०० आणि ६४०० वेगाच्या रॅमवरचे निकाल शेजारी ठेवून उपयोग नाही. तिसरी, तारीख. ऑगस्ट २०२४ मध्ये रायझन ९००० आले त्याच सुमारास विंडोजमध्ये ब्रँच प्रेडिक्शनची (प्रोग्राम पुढे कुठे वळेल याचा प्रोसेसर आधीच बांधतो त्या अंदाजाची) सुधारणा आली, आणि २८५केसाठीही त्याच वर्षअखेरीस फर्मवेअर (मदरबोर्डातलं सॉफ्टवेअर) व विंडोजच्या दुरुस्त्या आल्या. पहिल्या आठवड्यातला तक्ता आज तसाच वापरू नका.

प्रश्न : ९९५०एक्स रेंडर करताना ९५ अंशांवर जातो. कूलर बदलू?

९५ ही त्याची ठरलेली मर्यादा आहे. तिथे पोचला की तो वेग थोडा उतरवतो, जळत नाही. चिंता करायची ती हलक्या कामातही ८०-९० दिसत असेल तर. मग आधी कूलर उतरवून पाहा : तळाचं प्लास्टिक काढलंय ना? पेस्ट सगळीकडे पसरलीय ना? पाण्याचा कूलर असेल तर पंपाची वायर योग्य हेडरवर आहे ना, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्याचा फिरण्याचा वेग, आरपीएम, दिसतो ना? एएम५ (या रायझनचं सॉकेट) मध्ये कोरचे तुकडे झाकणाच्या मधोमध नसून एका कडेकडे असतात. कूलरसोबत ऑफसेट ब्रॅकेट (कूलर त्या कडेकडे सरकवणारी पट्टी) आला असेल तर तोच लावा.

सगळं ठीक असेल तर कूलरवर पैसे घालण्याआधी इको मोड (विजेची मर्यादा कमी करणारी सेटिंग) वापरून बघा. बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह या पर्यायाच्या आसपास तो सापडतो. कागदावर १७० वॉटच्या या प्रोसेसरला सॉकेटमधून प्रत्यक्षात २३० वॉटपर्यंत वीज घेता येते. १०५ वॉटचा इको मोड निवडला की ही मर्यादा १४२ वर येते. वीज ३८ टक्के घटली तरी काम तेवढं घटत नाही, कारण शेवटच्या काहीशे मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. तुमचंच एक रेंडर दोन्ही सेटिंगवर दहा-दहा मिनिटं चालवून फरक बघा.

प्रश्न : ६९९ डॉलरचा ९९५०एक्स३डी घेतला, तरी काही गेममध्ये ९८००एक्स३डीपेक्षा कमी फ्रेम येतात.

सोळा कोर दोन तुकड्यांत विभागलेत आणि जादा कॅश एकाच तुकड्याला आहे. गेम भलत्या तुकड्यावर गेला की कॅशचे पैसे पाण्यात. योग्य तुकडा निवडण्याचं काम विंडोज आणि ड्रायव्हर मिळून करतात. म्हणून एएमडीचा ताजा चिपसेट ड्रायव्हर टाका, एक्सबॉक्स गेम बार अपडेट करा, गेम मोड चालू ठेवा आणि पॉवर प्लॅन बॅलन्स्ड ठेवा. हाय परफॉर्मन्स निवडून अनेकजण स्वतःच घोटाळा करून बसतात. नंतर गेम चालू असताना रिसोर्स मॉनिटरचा सीपीयू टॅब उघडा. निम्म्या कोरसमोर 'पार्क्ड' (म्हणजे झोपवलेला) दिसायला हवं. दिसत नसेल आणि आधीचा प्रोसेसर एकाच तुकड्याचा होता तर विंडोज नव्याने टाकणं हाच खात्रीचा उपाय. फक्त गेमच खेळायचे असतील तर मात्र ९८००एक्स३डीपेक्षा जादा दिलेले २२० डॉलर उगाच गेले.

प्रश्न : चार रॅमच्या पट्ट्या लावल्यावर स्क्रीन काळीच राहते.

पाच-दहा मिनिटं थांबा, मध्येच वीज तोडू नका. डीडीआर५ रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे मदरबोर्डने तिच्याशी जुळवून घेणं, पहिल्या वेळी बरंच लांबतं. चार पट्ट्यांवर रायझन ९००० चा अधिकृत वेग ५६०० वरून ३६०० वर येतो, हेही लक्षात घ्या. १२८ जीबी हवी असेल तर ६४च्या दोन पट्ट्या घ्या.

प्रश्न : जुना कोअर आय९-१४९००के स्वस्तात मिळतोय. घ्यावा?

१३व्या-१४व्या पिढीच्या या प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे झिजण्याचा दोष निघाला होता. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. पण झिजलेली चिप दुरुस्तीने बरी होत नाही. घेण्याआधी मोठी झिप फाइल दहा वेळा उघडून बघा, शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) कंपाइल होणारा गेम चालवा. एकदाही त्रुटी आली, किंवा ग्राफिक्स मेमरी शिल्लक असताना ती संपल्याचा संदेश आला, तर सौदा सोडा. बिल नसेल तरीही सोडा.