वडिलांना आतड्याचा कॅन्सर झाला, मलाही होणारच का?

हा प्रश्न घेऊन येणारे बरेच असतात. त्यांतले हे एक चौतिशीतले गृहस्थ (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). वडिलांना ४६व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता, उपचारांनंतर ते ठीक आहेत. यांना स्वतःला ९ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज राहण्याचा आजार. पण तो विषय त्यांनी "ते आटोक्यात आहे" म्हणून उडवून लावला.

मी घराण्याचा तक्ता काढायला घेतला. आणखी कुणाला कॅन्सर? "नाही." आत्या? "तिला गर्भाशयाचा झाला होता, पन्नाशीच्या आत. पण तो वेगळा ना?"

इथेच बहुतेकांची गफलत होते. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एखादं जन्मतःच बिघडलेलं असेल, तर त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. त्यात आतड्याइतकाच गर्भाशयालाही धोका असतो. आतड्याच्या कॅन्सरच्या १०० रुग्णांत असे साधारण ३ निघतात, म्हणजे बाकीच्यांच्या मुलांनी 'होणारच' असं धरून बसायचं कारण नाही.

"मग माझं रक्त घ्या," ते म्हणाले. मी आधी वडिलांची चाचणी सुचवली. घरातला दोष नेमका कोणता हे कळल्याशिवाय मुलाच्या 'काही नाही' या रिपोर्टवर विसंबता येत नाही. वडिलांच्या गाठीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) लॅबमध्ये जपलेला होता. त्यात चुका दुरुस्त करणारं एमएसएच२ हे प्रथिन सापडलं नाही, आणि रक्ताच्या चाचणीत त्याच जनुकातला दोष पक्का झाला. मुलाकडे तो येण्याची शक्यता निम्मी. आला नव्हता.

"म्हणजे आता कोलोनोस्कोपी, ती आतड्याची दुर्बिणीची तपासणी, नको!"

नको कशी? कोलायटिसचा हिशेब वेगळा आहे. सूज वर्षानुवर्षं राहिली की अस्तराच्या पेशी सारख्या मरतात, नव्या बनतात आणि त्या धांदलीत बिघाड साचत जातात. सूज जितकी पसरलेली आणि जितकी जुनी, तितका धोका जास्त. फक्त गुदाशयापुरता आजार असेल तर धोका फारसा वाढत नाही. (आयबीएस, म्हणजे सूज नसताना होणारी पोटदुखी-जुलाबाची तक्रार, वेगळं, त्याने कॅन्सरचा धोका वाढत नाही.) यांची सूज जवळजवळ पूर्ण आतड्यात होती. अशांची पहिली कोलोनोस्कोपी आजार सुरू झाल्यापासून ८ वर्षांनी तरी व्हायला हवी, ती राहून गेली होती. वर रक्त पडायचं थांबलं म्हणून सूज कमी करणाऱ्या मेसालामिनच्या गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्या होत्या.

कोलोनोस्कोपीत ठिकठिकाणचे तुकडे घेतले. कॅन्सरपूर्व बदल कुठेच नव्हते, सूज मात्र होती, तीही काही त्रास नसताना. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

त्यांच्या धाकट्या बहिणीला अजून जनुकाची चाचणी करायची नाही. तो निर्णय तिचा. मात्र ती होईपर्यंत दोष आहे असं धरूनच तिने दर वर्ष-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करायची आणि पाळीत अनियमित रक्तस्राव दिसला तर डॉक्टरांकडे जायला थांबायचं नाही, एवढं ठरलं आहे.